तिथीची पाऊणपट

घिवलीला आजोळी पाहुणा दारात आला की आजी लगेच चुलीकडे वळायची नाही. ओसरीकडे तोंड करून ती आजोबांना विचारायची, "आज तिथी कोणती?" जाळ्याच्या गाठी मारत बसलेले आजोबा मान वर न करता सांगायचे, "पंचमी." तेवढ्यावर आजीला सगळं कळायचं. पंचमी, म्हणजे पावणेचारला भरती. होडी चारच्या सुमाराला लागणार. आत्ता वाजलेत अकरा. म्हणजे दुपारी सुकं, आणि पाहुणा थांबला तर रात्री ओलं. पदर खोचत ती पाहुण्याला म्हणायची, "बसा. दोन्ही जेवून जा."

हिशेब सोपा आहे. तिथीला तिनानं गुणायचं, चारानं भागायचं. येईल तो भरतीचा अदमासे तास. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. किनाऱ्या-किनाऱ्याप्रमाणे थोडं पुढंमागं होतं, पण स्वयंपाकाला एवढं पुरतं. आजोबांच्या पिढीनं शाळेत पावकी, निमकी आणि पाऊणकी पाठ केलेली. त्यातली पाऊणकी त्यांना जन्मभर उपयोगी पडली. ओहोटीला आमच्याकडे पाणी लांब आत जातं, खडक आणि चिखल उघडे पडतात, त्यामुळे होडी किनाऱ्याला आणायची तर भरतीवरच. भिंतीवर चावीचं घड्याळ होतं, त्याच्यावर बोईसरची एसटी ठरायची. जेवण समुद्रावर ठरायचं, आणि ते रोज पाऊण-एक तास पुढं सरकायचं.

आम्ही बोईसरला कॉलनीत राहायचो. वडील तारापूरच्या अणुवीज केंद्रात तंत्रज्ञ होते. केंद्राचे पहिले दोन संच 1969 मध्ये सुरू झाले, वडील त्यानंतर काही वर्षांनी लागले. घिवली तिथून इतकी जवळ की आजीच्या दृष्टीनं जावई गावातच नोकरीला होता. दिवाळीचे पहिले दिवस आमचे बोईसरला जायचे. पहाटेचं उटणं, पायाखाली फोडलेलं कारीट, नव्या पोह्यांचे दोन-तीन प्रकार, शेजाऱ्यांकडची फराळाची ताटं. पण आईचं लक्ष चौथ्या दिवसावर. भाऊबीजेला सकाळच्या एसटीनं आम्ही घिवलीला निघायचो आणि खिडकीतून सुरूची बनं दिसायला लागली की आईची बोलण्याची पट्टी बदलायची. कॉलनीतली मोजून-मापून मराठी मागं पडायची, आणि बाजूला बसलेल्या अनोळखी बाईशीही ती माहेरच्या हेलात बोलायला लागायची.

तीन मावश्या, त्यांची मुलं, दोन मामा, शेजारघरची येऊन-जाऊन असणारी माणसं, असे वीस-बावीस जण त्या घरात जमायचे. एक मावशी पोफरणला दिलेली, ती तर किनाऱ्याकिनाऱ्यानं चालत यायची, डोक्यावर टोपली आणि टोपलीत चवळीच्या शेंगा, काकड्या, कोनफळं. पुढं पोफरण गाव तिथून हललं आणि मावशीचं चालत येणं थांबलं. पण त्या वर्षांत ती वाळूवरून येताना लांबून दिसायची आणि आजी म्हणायची, "आली भाजी."

एवढ्या माणसांचा स्वयंपाक, पण घरात धावपळ नसायची. हे मला लहानपणी कधी जाणवलं नाही. मी संसाराला लागल्यावर, आठ माणसांना जेवायला बोलावून सकाळपासून घामाघूम झाले, तेव्हा पहिल्यांदा मनात आलं की आजी बावीस जणांना वाढायची तेव्हा अंगणात बसून मावशीच्या मुलीच्या वेण्या घालत असायची. ते तिला कसं जमायचं?

एक तर पदार्थ फार नसायचे. ओल्या बोंबलाचं आंबट, तांदळाची भाकरी, भात, मावशीच्या शेंगांची भाजी आणि भाजलेल्या सुक्या जवळ्याची लसूण-खोबरं घालून केलेली चटणी. गोडाला नारळाच्या करंज्या, त्या आदल्या दिवशीच झालेल्या. पापलेट ताटात नसायचं. पापलेट विकायचा मासा. 2023 मध्ये राज्य सरकारनं त्याला राज्यमासा म्हणून मान दिला तेव्हा मामी म्हणाली, "बरं झालं. आम्ही तर त्याला नेहमी दुसऱ्याच्या टोपलीत जातानाच बघितलं." घरात शिजायचे बोंबील, मांदेली, करंदी, बोय. आणि दिवाळीच्या दिवसांत तर बोंबीलच, कारण पाऊस संपला की डोलीत तोच जास्त येतो. डोल म्हणजे प्रवाहाकडे तोंड करून खांबांना बांधलेलं पिशवीसारखं लांब जाळं. मासे मागं धावून पकडायचे नाहीत, पाणीच त्यांना आणून घालतं.

आंबटाची कृती मी आजवर कितीतरी जणींना सांगितली असेल, आणि दर वेळी त्यांना वाटतं की मी काहीतरी राखून ठेवते आहे. बोंबलाचं डोकं, कल्ले आणि पोट काढायचं, एकाचे दोन किंवा तीन तुकडे करायचे. टोपात तेल, ठेचलेला लसूण चांगला मूठभर, हळद, घरचा मसाला, मीठ, चिंचेचा कोळ. त्यात बोंबील. हे सगळं हातानं हलकं कालवून मगच टोप चुलीवर ठेवायचा. फोडणी नाही, वाटण नाही, कांदासुद्धा नाही. पाणी घालायचं ते चिंचेची वाटी धुतलेलं तेवढंच, कारण बोंबलाच्या अंगात जवळजवळ दहांत नऊ भाग पाणीच असतं. आच लागली की तो स्वतःचा रस्सा स्वतः सोडतो. पळी घालायची नाही, बोंबील मोडतो. टोप दोन्ही कानांना फडक्यानं धरायचा आणि घुमवायचा. उकळी आल्यापासून सात-आठ मिनिटं. बस. उन्हाळा असला तर चिंचेऐवजी कैरीच्या फोडी.

बावीस माणसांना दोन टोप लागायचे. एक आजी घुमवायची, एक मोठी मामी. आम्हा मुलांना ते बघायला आवडायचं, कारण आत काय चाललंय ते दिसत नसतानाही दोघी एकाच वेळी थांबायच्या.

भाकरीला जरा वेळ लागायचा, पण तिथं हात पुष्कळ. पाण्याला आधण आलं की चिमूटभर मीठ, मग पीठ, झाकण, वाफ. गरम उकड परातीत मळायला मामी बसायची, थापायला मावश्या, भाजायला आई. आईचं माहेर असूनही तिला बसून राहायला कुणी सांगायचं नाही, आणि तिला ते नको असायचं. चुलीत सुरूची वाळलेली पानं आणि बोंडं. ती भरकन पेटतात, भाकरी फुगते आणि जाळ लगेच खाली बसतो. बोंडं गोळा करणं हे आम्हा मुलांचं काम, सकाळी बनात जाऊन पोती भरून आणायची. मला अजूनही सुरूच्या झाडाखालून जाताना भूक लागते.

पण जेवण सोपं होण्याचं खरं कारण त्या दिवशीच्या कामात नव्हतं. ते सहा महिने आधीच्या उन्हात होतं. एप्रिल-मे महिन्यांत त्या घरात शिरायला जागा नसायची. अंगणात संकेश्वरी आणि काश्मिरी मिरची वाळत पडलेली, एका चादरीवर धणे, दुसरीवर हळकुंडं. मग सगळं वेगवेगळं भाजायचं, खसखस, दगडफूल, नागकेशर, दालचिनी, लवंग, एकेक करून मंद आचेवर. घरभर खोकला. कुटायला पूर्वी उखळ, पुढं बोईसरचा डंक. मसाला बरणीत दाबून भरायचा, वर हिंगाचे खडे, तोंडाला फडकं. शेजारी चिंचेच्या गोळ्यांची बरणी, चिंचोके काढून मीठ चोळलेली. तांदूळ धुऊन सावलीत वाळवून दळून ठेवलेला. आणि सुकं. बोंबील सुकवायचे ते दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून, जोड्या-जोड्यांनी बांबूच्या वलांडीवर टांगून. किनाऱ्यावर उभ्या केलेल्या त्या वलांडी लांबून बघितल्या की कुणीतरी चंदेरी तोरणं लावल्यासारखी दिसायची. पावसाळ्याआधी सगळ्याला शेवटचं ऊन द्यायचं आणि डबे चुलीच्या वरच्या माळ्यावर, म्हणजे धुरानं दमट होत नाहीत. जून आणि जुलैत मासेमारी बंद, तेव्हा घर त्या माळ्यावर जगायचं.

त्यामुळे दिवाळीत काय, किंवा एरवी अवेळी कुणी टपकलं तरी काय, आजीला फक्त तीन बरण्या खाली घ्यायच्या असायच्या. दोन सुके बोंबील निखाऱ्यावर टाकले, दगडावर लसूण-मिरचीबरोबर चेचले, भाकरी थापली, की पाहुणा जेवायला बसला. पाऊण तासाचंही काम नाही. मे महिन्यात तिनं जी पाठ मोडून घेतलेली असायची, ती त्या वेळी कुणाला दिसायची नाही.

एका भाऊबीजेला वडिलांनी त्यांच्या खात्यातले एक बंगाली सहकारी बरोबर आणले. कॉलनीत देशभरची माणसं, सणाला घरी जायला सगळ्यांनाच सुट्टी मिळायची नाही. हे गृहस्थ एकटे राहायचे. आईला वाटेभर काळजी, की परक्या प्रांतातला शिकलेला माणूस, त्याला आपलं सुकं चालेल का. सुक्या बोंबलाचा वास सगळ्यांना सोसत नाही. कॉलनीतल्या आमच्या घरी आई तो भाजायची तेव्हा आधी खिडक्या लावून घ्यायची. आजीला ही काळजी शिवली नाही. होडी यायला अवकाश होता म्हणून तिनं नेहमीप्रमाणे भाकरीचा तुकडा आणि चेचलेला बोंबील त्यांच्या हातात दिला. त्यांनी वास घेतला आणि ते एकदम गप्प झाले. मग वडिलांना हिंदीत म्हणाले, हा तर आमचा लोइट्टा. त्यांचं मूळ घर चितगावकडचं, फाळणीत सुटलेलं. तिकडे हाच मासा, असाच उन्हात टांगतात, असाच लसूण-मिरचीत चेचतात, आणि सुक्या मासळीला शुटकी म्हणतात. त्यांच्या आईच्या हातचा त्यांनी लहानपणी खाल्ला होता. वडिलांनी आजीला ते मराठीत सांगितलं. तिनं काही न बोलता आणखी एक बोंबील निखाऱ्यावर टाकला. पुढची चार-पाच वर्षं, बदली होईपर्यंत, ते दर भाऊबीजेला यायचे, आणि आई-मावश्यांच्या ओवाळणीत मामांच्या शेजारी त्यांचाही पाट असायचा.

कॉलनीत याच काळात आईच्या हातात कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आलं. 1970 मध्ये निघालेलं हे पुस्तक तोवर घरोघरी पोचलं होतं. वाटी आणि चमच्याचं माप त्यात होतं, आणि आईसारख्या नव्या संसारातल्या बाईला त्याचा फार आधार वाटला. त्यातून ती ढोकळा शिकली, केक शिकली, पाहुण्यांना खरवस देऊ लागली. मला त्या पुस्तकाबद्दल अतोनात आदर आहे. आईची हळदीचे डाग पडलेली प्रत माझ्याकडे आहे. एकदा तिनं हौसेनं आजीलाही विचारलं, आंबटात चिंच किती वाट्या? आजीनं हाताचा खळगा पुढं केला. आईनं त्यात आपल्या वाटीनं कोळ ओतून मोजला, आणि पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवलं: "आईचा हात म्हणजे अर्ध्या वाटीला कमी." ते अक्षर अजून वाचता येतं. माझा हात आजीच्यापेक्षा लहान आहे, म्हणून मी थोडं जास्त घालते.

आता माझ्याकडे मित्रमैत्रिणी जमतात तेव्हा मी हेच करते. एक आंबट, भात, एक चटणी. मसाला धाकट्या मामीकडून येतो, दर मे महिन्यात, बरणीच्या तोंडाला फडकं बांधून. भाकऱ्या मला बावीस जमत नाहीत, आठ जमतात. कोथिंबीर-खोबऱ्याचं वाटण घातलं तर रंग छान येईल असं सुचवणारं कुणीतरी प्रत्येक वेळी भेटतं. मी ऐकून घेते आणि टोप घुमवते. माझी मुलगी पहिल्यांदा घुमवायला शिकली तेव्हा तिनं झाकण उघडून बघायचं की नाही यावर माझ्याशी वाद घातला. उघडू नकोस, आवाज ऐक, असं मी तिला सांगितलं. रस्सा पातळ असतो तेव्हा टोप खळखळतो, आणि आळून आला की आवाज जड होतो. हे मला आजीनं कधी सांगितलं नव्हतं, तिला आणि मोठ्या मामीला एकाच वेळी थांबताना बघून मीच कधीतरी ओळखलं होतं.

एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. एरवी रोज पुढं सरकणारं घिवलीचं जेवण भाऊबीजेला मात्र दरवर्षी एकाच वेळी असायचं. तारीख कधी ऑक्टोबरातली, कधी नोव्हेंबरातली, पण तिथी कार्तिक शुद्ध द्वितीया. दोन त्रिक सहा, भागिले चार, दीड. भाऊबीजेला भरती दीडलाच. मामाची होडी दीडच्या सुमाराला लागणार, बोंबील पावणेदोनला अंगणात, अडीचला पंगत. आई एसटीत बसताना घड्याळ बघायची नाही त्याचं कारण हेच असावं.

मामानं होडी विकून बरीच वर्षं झाली. त्याचे गुडघे आता होडीत चढू देत नाहीत. बोंबील शेजारच्या होडीवरून येतात, कधी सकाळीच येऊन पडतात, कधी बोईसरच्या बाजारातून आणावे लागतात. घरात गॅस आहे, माळ्यावर पंखा लागला आहे. आई नाही, दोन मावश्या नाहीत. गेल्या भाऊबीजेला मी लेकीला घेऊन गेले तेव्हा बोंबील दहा वाजल्यापासून बर्फात होते, भूकही लागली होती. मी म्हटलं, मामी, टाकायचं का? तिनं ओसरीवर बसलेल्या मामाकडे बघितलं. तो समुद्राकडे तोंड करून बसला होता. "थांब जरा," ती म्हणाली, "पाणी भरू दे." आणि एक वाजता तिनं भाकरीचं आधण ठेवलं.