१२२ दिवसांचे आकडे

तर झालं असं, की शनिवारी रात्री कराडला घरी पोचलो. पिशवी खाली ठेवतोय तोच भाचा लॅपटॉप घेऊन हजर. "मामा, तीन दिवस झाले, व्हीएममधून बाहेरच जाता येत नाही. सोमवारी रिव्ह्यू आहे." हात धुता धुता मी म्हटलं, "जेवण होऊ दे, पाच मिनिटांचं काम आहे."

हे वाक्य कुणापुढेही बोलू नये. घरच्यांपुढे तर मुळीच नाही.

त्याचा प्रोजेक्ट चांगला आहे. २०१९ च्या पावसाळ्यात कोयना धरणात रोज किती पाणी होतं आणि किती सोडलं, ते आकडे घेऊन कृष्णा-कोयनेला कसा पूर आला ते दाखवायचं. त्यासाठी फेडोरावर तीन व्हीएम: एकात डेटाबेस, एकात हिशोब, एकात वेबपेज. सगळं कमांड लाइनवरून, खिडक्याबिडक्या नाहीत. मला बरंच वाटलं.

व्हर्शला नेटवर्कांची यादी विचारली, तर रिकामी. "अरे, तुझं नेटवर्कच नाहीये!" मी विजयी मुद्रेने जाहीर केलं. भाच्याने शांतपणे पुढे सुडो लावून दाखवलं. साध्या युजरने विचारलं की व्हर्श त्याचं स्वतःचं सेशन दाखवतो, सिस्टीमचं नाही. यादीत डीफॉल्ट होतं, पण बंद. ऑटोस्टार्ट नसल्याने लॅपटॉप चालू केला की तो दर वेळी हाताने सुरू करायचा. ठीक. आता चालू केलं, व्हीएमला १९२.१६८.१२२ वाला पत्ताही मिळाला. गेटवेला पिंग जातोय. साइटचं नाव विचारलं तर तिचा आयपीसुद्धा येतोय. पण कनेक्शन? नाही म्हणजे नाही. ब्रिज करून पाहिला, पण वायफायवर तो चालत नाही. ॲक्सेस पॉइंट अनोळखी मॅक ॲड्रेसच्या फ्रेम्स घेत नाही.

रात्रीचा एक वाजला होता. ऑफिसात अशा वेळी आपण जे करतो तेच मी केलं: व्हीएम उडवून नवीन बनवू! यादीतली पहिली धरली, अनडिफाइन केली, आणि मागे रिमूव्ह-ऑल-स्टोरेज हे शेपूट लावलं. एंटर.

"मामा... ती डेटाबेसची होती."

"कॉपी असेल ना?"

तो काहीच बोलला नाही. जून ते सप्टेंबर, १२२ दिवस, रोजचा साठा आणि विसर्ग. हे सगळं त्याने पेपरच्या कात्रणांवरून हाताने टाइप केलं होतं. (१२२ हा आकडा त्या रात्री माझी पाठच सोडत नव्हता.) आणि नवीन बनवलेल्या व्हीएमलाही तोच आजार! म्हणजे जुनी बिचारी निर्दोष होती.

सकाळी बाबांना सांगावंच लागलं, कारण कात्रणं त्यांची. बाबा टेलिफोन खात्यातून रिटायर झालेत, कॉम्प्युटरशी त्यांचा संबंध मेलपुरता. चहा घेत त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे १९७ ला फोन लागतोय, नंबर मिळतोय, पण ट्रंक जात नाही?"

अगदी हेच! नाव शोधून देणारा डीएनएसमास्क हा होस्टवरच बसलेला असतो, व्हीएमच्या वतीने तोच बाहेर विचारून येतो. त्यामुळे नाव सापडलं म्हणजे व्हीएमचा रस्ता मोकळा आहे असं मुळीच नाही. रात्रभर मी याच एका गोष्टीने फसलो होतो.

"मग एक्सचेंजमध्ये बघ की. ग्राहकाच्या घरी काय करतोयस? आणि अलीकडे नवीन काय जोडलं?"

भाचा म्हणाला, "गेल्या आठवड्यात डॉकर टाकला, दुसऱ्या विषयासाठी."

हे मी रात्री विचारलंच नव्हतं. टीसीपीडंप लावला. व्हीआयआरबीआर-शून्यवर पॅकेट दिसतंय, वायफायवर नाही. म्हणजे मधे होस्टच गिळतोय. डॉकर सुरू होताना पॅकेट पुढे पाठवण्याची सोय बंद दिसली, तर ती तो स्वतः चालू करतो आणि सुरक्षेसाठी फॉरवर्डची पॉलिसी ड्रॉप करून ठेवतो. आपलं डीफॉल्ट नेटवर्क आपोआप सुरू होत नव्हतं, त्यामुळे दर वेळी डॉकर आधी पोचायचा. लिबव्हर्टचे नियम पूर्वी आयपीटेबल्समध्ये त्याच रांगेत बसायचे, म्हणून निभायचं. २०२४ पासून तो एनएफटेबल्समध्ये वेगळं टेबल करतो. एका टेबलाने 'जा' म्हटलं तरी पॅकेटला दुसऱ्याकडेही जावं लागतं आणि तिथे कुणी 'नाही' म्हटलं की संपलं. सरकारी फाइलच! :-)

लिबव्हर्टच्या नेटवर्क डॉट कॉन्फमध्ये फायरवॉल बॅकएंड आयपीटेबल्स केला आणि त्याची नेटवर्कची सर्व्हिस पुन्हा सुरू केली. कनेक्शन लागलं. या वेळी खरोखर पाच मिनिटं. डॉकर-यूजर चेनमध्ये नियम घालूनही जमलं असतं, पण ते रीबूटला उडतात.

पण आकडे थोडेच परत येणार होते? दुपारी आम्ही हॉलमध्ये सतरंजी टाकली. बाबा चष्मा लावून कात्रण वाचायचे, मी टाइप करायचो, भाचा पडताळायचा. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्याला बाबांचा वेग मंदावला. एकेक आकडा वाचून ते थांबायचे आणि त्या दिवशी प्रीतिसंगमाजवळ पाणी कुठवर आलं होतं ते सांगायचे. आई म्हणाली, "वाचा हो पुढे, त्याची गाडी आहे सातला." भाचा मात्र टिपून घेत होता. माझ्याशी तो दिवसभर कामापुरतंच बोलला आणि त्याबद्दल मला काही म्हणायला जागा नव्हती. निघताना पेनड्राइव्हवर दोन कॉप्या केल्या, एक बाबांच्या कपाटात गेली.

सोमवारी दुपारी त्याचा मेसेज आला. "झालं. सरांना आजोबांच्या आठवणींचं पान आवडलं. आणि मामा, २७ जुलै दोनदा आहे, तुझ्या हातचा."