पाटी होती, कडी नव्हती

बायकांच्या फोनमधली नावांची यादी पुरुषांच्या यादीसारखी नसते. आमच्या ह्यांच्या यादीत माणसं आडनावासकट, हुद्द्यासकट ओळीनं उभी असतात. माझ्या यादीत 'गॅस – मधला मुलगा', 'पोळ्यांच्या मावशी', 'लेडी डॉक्टर', 'भिशी मंगळवार', 'वहिनी माहेर' आणि 'वहिनी उचलू नये' अशी नावं आहेत. (शेवटच्या वहिनींना हे ठाऊक नाही, आणि न कळलेलंच बरं!) गंमत सोडा, पण या यादीत नुसते नंबर नसतात. कुणी विश्वासानं सांगितलेल्या गोष्टी असतात, आणि त्यातल्या निम्म्याअधिक आपल्या नव्हेतच, दुसऱ्यांच्या असतात.

'पिको-फॉल' म्हणून एक नंबर आहे. तो पिको-फॉलवालीचा नाही. माझी एक शाळासोबतीण सासरचा छळ सोसवेना तेव्हा नेसत्या साडीनिशी बाहेर पडली. आता ती दुसऱ्या गावी नोकरी करते. कुठे, ते तिची आई आणि मी, दोघींनाच माहीत. नंबर देताना म्हणाली, "तुझ्या फोनात माझं नाव नको हं लिहूस." म्हणून पिको-फॉल. नाव बदलता आलं, नंबर कसा बदलणार?

अशा याद्यांचं काय होऊ शकतं ते आमच्या घरानं २०२१ साली पाहिलं. टाळेबंदीनंतरची ओढगस्त होती. वन्संच्या मुलानं फोनवरच्या एका अ‍ॅपवरून पाच हजार रुपये उचलले, सात दिवसांच्या बोलीनं. आठव्या दिवशी आमच्या घरी फोन आला, तोही थेट सासूबाईंना. वय वर्षं चौऱ्याहत्तर. "तुमचा नातू चोर आहे, पैसे तुम्ही भरा," असं कुणी परका बाप्या त्यांना सांगत होता. मग त्याच्या ऑफिसातल्या साहेबांना फोन, होणाऱ्या सासऱ्यांना फोन. अ‍ॅपनं पहिल्याच दिवशी त्याची सगळी यादी उचलून नेली होती.

ह्यांचं म्हणणं, "त्यानं परवानगीचं बटण दाबलं ना? मग भोगू दे." मी म्हटलं, अहो, त्यानं दाबलं असेल, सासूबाईंनी कुठे दाबलं होतं? यावर उत्तर आलं नाही, चहा मागण्यात आला. पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेनंच नियम काढला की कर्ज देणाऱ्या अ‍ॅपनं कर्जदाराची नावांची यादी, फोटो, कॉलची नोंद यांना हात लावायचा नाही. २०२३ मध्ये गूगलनंही आपल्या दुकानात तसाच नियम केला. उशिरा का होईना, झाला.

पण निदान तिथे बटण तरी होतं. वन्संची मुलगी पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. दिवाळीला आली तेव्हा करंज्या तळता तळता तिला विचारलं, "काय गं, बटण न दाबताही कुणी आत शिरू शकतं का?" ती म्हणाली, "मामी, ती तर जुनी गोष्ट आहे." आणि मग तिनं जे सांगितलं त्यानं माझी एक करंजी करपली.

फोन म्हणजे वाडा समजा. अ‍ॅप म्हणजे त्यातले भाडेकरू आणि ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे मालक. प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र खोली, स्वतंत्र कुलूप. एकानं दुसऱ्याच्या खोलीत डोकवायचं नाही, आणि आपलं कपाट उघडायचं तर मालकामार्फत आपल्याला विचारायचं. पण मालकानं वाडा बांधतानाच एखादा पोटमाळा सगळ्या खोल्यांवरून सलग ठेवला असेल तर? कुलपं शाबूत, आणि भाडेकरू मात्र माळ्यावरून हवे तिथे उतरताहेत! सिस्टीमचा दोष म्हणतात तो हाच. यात आपल्याकडून काही सुटलेलं नसतं, बांधकामच कच्चं असतं.

२०१२ च्या फेब्रुवारीत अरुण थंपी नावाच्या प्रोग्रॅमरच्या लक्षात आलं की पाथ नावाचं एक अ‍ॅप आयफोनमधली अख्खी नावांची यादी गुपचूप आपल्या कंपनीकडे पाठवतं आहे. ओरडा झाला तेव्हा कळलं की ते एकटंच नव्हे, कुठलंही अ‍ॅप ही यादी न विचारता वाचू शकत होतं. अ‍ॅपलचा नियम होता की असं करू नये. पण नुसता नियम! 'आत येऊ नये' अशी पाटी होती, दाराला कडी नव्हती. ती कडी त्याच वर्षी सप्टेंबरात, आयफोनच्या सहाव्या आवृत्तीत बसली. एवढ्या मोठ्या कंपनीला इतकी साधी गोष्ट आधी सुचू नये याचं मला अजून नवल वाटतं. आपण साखरेच्या डब्यालासुद्धा आधी झाकण बघतो.

आपल्याकडे बहुतेकींच्या हातात अँड्रॉइड असतो. तिथली एक गोष्ट तर रोजच्या वापरातली आहे. आपण खातं नंबर किंवा पासवर्ड 'कॉपी' करतो आणि दुसरीकडे चिकटवतो. मधल्या वेळात तो मजकूर कुठे असतो? तर सगळ्यांच्या ओसरीवर. अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीपर्यंत फोनमधलं कुठलंही अ‍ॅप, अगदी आपण उघडलेलं नसलं तरी, तो न विचारता वाचू शकत असे. २०१९ मध्ये दहावी आवृत्ती आली तेव्हा ते थांबलं. आता समोर उघडं असलेलं अ‍ॅप किंवा आपला कीबोर्ड, एवढ्यांनाच तो दिसतो. आयफोनमध्येही हेच. २०२० च्या मार्चमध्ये तलाल हाज बकरी आणि टॉमी मिस्क या दोघांनी पन्नासाहून जास्त नावाजलेली अ‍ॅप उघडताक्षणी असं वाचतात हे दाखवून दिलं. त्याच वर्षी अ‍ॅपलनं वाचणाऱ्याचं नाव पडद्यावर झळकवायला सुरुवात केली. चोरून वाचणाऱ्याला नुसतं "काय हो, काय वाचताय?" म्हटलं तरी तो ओशाळतो, तसं बऱ्याच अ‍ॅपचं झालं.

आणखी ऐका. अमेरिकेतल्या बर्कलीच्या संशोधकांनी ८८ हजारांवर अँड्रॉइड अ‍ॅप तपासली. परवानगी नसतानाही पळवाटेनं माहिती काढणारी १३२५ निघाली. २०१९ साली हे जाहीर झालं. 'तुम्ही कुठे आहात' हे सांगायला आपण नकार दिला, तर काही अ‍ॅप आपल्या फोटोंतून तो पत्ता काढत. फोटो कुठे काढला हे फोटोतच लिहिलेलं असतं, हे किती जणींना ठाऊक आहे? काहींची तऱ्हा याहून वेगळी. ज्या अ‍ॅपला परवानगी होती, त्यानं फोनचा ओळख क्रमांक सगळ्यांच्या सामाईक जागेत, जणू ओसरीच्या कोनाड्यात चिठ्ठी ठेवावी तसा ठेवायचा आणि ज्याला आत मज्जाव, त्यानं येऊन वाचायचा. शेजारणी-शेजारणींचं संगनमत झालं की घरमालकिणीला पत्ता लागत नाही, त्यातलाच प्रकार! यातल्या पळवाटा दहाव्या आवृत्तीत बुजवल्याचं गूगलनं सांगितलं.

"मग झालं तर, सगळं बुजवलं," असं मी म्हटलं. तेव्हा भाचीनं माझा फोन मागितला, सेटिंग्जमध्ये अगदी तळाशी गेली, 'फोनविषयी' उघडलं आणि माझ्यापुढे धरला. अँड्रॉइड ९. सुरक्षा अपडेटची तारीख कित्येक वर्षांपूर्वीची.

इथे खरी मेख आहे, बायांनो. आपल्या घरांत नवा फोन कुणाला येतो? मुलाला, नाहीतर ह्यांना. त्यांचा जुना होतो तो आपल्याला. "तुला काय, फोन आणि व्हॉट्सअ‍ॅपच तर बघायचं." आपणही खुशीनं घेतो, मीही घेतला होता, उष्टं-शिळं संपवायची सवय असतेच हाताला. पण कंपन्या जुन्या फोनला काही वर्षांनी दुरुस्ती पाठवायचं बंद करतात. म्हणजे २०१९ मध्ये बुजवलेलं भोक मुलाच्या फोनमध्ये बुजलेलं असतं आणि आईच्या फोनमध्ये उघडं. आणि घरातली सगळी गुपितं कुणाच्या फोनमध्ये असतात, ते मी वर सांगितलंच आहे.

ह्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय?" मी म्हटलं, २०१७ साली सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे म्हणून सांगितलं, त्यांनी तर असं काही विचारलं नाही. नवा फोन आला. दिवाळीच्या साडीच्या पैशातून आला हेही खरं. पण पाच वर्षं दुरुस्ती येत राहील असा बघून घेतला. जुन्यातलं सिम काढलं, बँक काढली, नावांची यादी पुसली. आता तो स्वयंपाकघरात गाणी म्हणतो.

त्याच रात्री पिको-फॉलला फोन लावून हे सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्पच होती. मग म्हणाली, "माझाही जुनाच आहे गं, सेकंडहँड घेतलेला. थांब, बघते." पाच मिनिटांनी तिचा निरोप आला: सुरक्षा अपडेट, ऑगस्ट २०१८. रविवारी तिच्याबरोबर फोन घ्यायला जाते आहे. घरी सांगितलंय, पिको-फॉलला साड्या टाकायच्या आहेत.