मांगं कोनी लागलं का?

तहान लागायच्या आधी पाणी प्यायचं, हे वाक्य मी एकाच आठवड्यात दोनदा ऐकलं. पहिल्यांदा पहाटे अंबाझरीला, आमच्या पळणाऱ्यांच्या कंपूतल्या एका जुन्या खोडाकडून. दुसऱ्यांदा आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंच्या मुलाकडून. तो नववीत आहे आणि त्याला सिकलसेल आहे. ‘एसएस पॅटर्न’ हे शब्द तो हजेरीचा नंबर सांगावा तसे सांगतो. दप्तरातली दोन लिटरची बाटली शाळा सुटेस्तोवर संपवायची, हा त्याचा नेम. मला तो नियम सत्तर किलोमीटर पळायचं म्हणून पाळायचा होता; त्याला शाळेत जायचं म्हणून.

विदर्भात या आजाराचं नाव कुणाला समजावून सांगावं लागत नाही. रक्तातल्या गोल, लवचिक तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडला किंवा अंगातलं पाणी आटलं, की विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. मग हाडं, सांधे, पोट, जिथे रक्त पोचत नाही तिथे कळा सुरू होतात. थंडीनं होतं, अति दमण्यानंही होतं. म्हणजे मी हौसेनं जे करायला निघालो होतो, ते सगळं त्याला डॉक्टरांनी वर्ज्य सांगितलेलं.

मॅरेथॉन 42.195 किलोमीटरची. त्यापुढचं सगळं अल्ट्रा. मी कुठल्या स्पर्धेत नाव घातलं नव्हतं. जानेवारीतल्या एका रविवारी नागपूरहून निघायचं, हमरस्ता सोडून हिंगणा, कान्होलीबारा या बाजूनं पांदणीपांदणीनं केळझर गाठायचं, पुढे सेलूवरून पवनार. ओळखीपाळखीच्यांनी किलोमीटरमागे जमेल तेवढे रुपये द्यायचे आणि ते सिकलसेलच्या मुलांच्या औषधपाण्याला जायचे, असा बेत.

ऑफिसातल्या मित्रानं पैसे लगेच दिले आणि विचारलं, “पण यात पळायचं कशाला? घरबसल्या मागितले असते तरी दिलेच असते की.”

माझ्याकडे टेरी फॉक्सचं उत्तर तयार होतं. हाडाच्या कॅन्सरनं उजवा पाय गेलेला हा कॅनडाचा पोरगा 1980 साली कृत्रिम पायावर देश ओलांडायला निघाला. रोज जवळजवळ एक मॅरेथॉन. दर कॅनडावासीयाकडून एक डॉलर, एवढंच त्याचं मागणं. 143 दिवसांत 5,373 किलोमीटर झाले आणि कॅन्सर फुप्फुसांत पोचल्यानं त्याला थांबावं लागलं. पुढच्या जूनमध्ये तो गेला, बावीस वर्षांचा. मित्र गप्प झाला. मीही झालो, कारण उत्तर देतानाच त्यातली खोट मला दिसली होती. टेरी ज्या आजारासाठी पळत होता, तो त्याच्या अंगात होता. माझे दोन्ही पाय धड. माझं दुखणं मी निवडलेलं, आणि पवनारला पोचलो की संपणारं.

तसं पाय झिजवण्याचं आपल्याकडे कुणाला नवल नाही. महाशिवरात्रीला विदर्भातली माणसं खांद्यावर त्रिशूळ घेऊन पचमढीजवळचा चौरागड चढतात. पण नवस हा भक्त आणि महादेव यांच्यातला व्यवहार. तिसऱ्याला त्यात पावती मिळत नाही. माझ्या पायाला आलेला फोड त्या पोराच्या कोणत्या कामाचा?

पवनार मी अंतर बरं पडतं म्हणून निवडलं होतं. तिथल्या आश्रमातले विनोबा आठवले ते नंतर. 1951 च्या मार्चमध्ये ते हैदराबादजवळच्या सर्वोदय संमेलनाला निघाले ते पायी. परतीच्या यात्रेत 18 एप्रिलला तेलंगणातल्या पोचमपल्लीत मुक्काम पडला. तिथे त्यांनी दलित वस्तीतल्या लोकांना काय हवंय ते विचारलं. चाळीस घरांसाठी ऐंशी एकर जमीन, असं उत्तर आलं. विनोबांनी तेच गावासमोर मांडलं आणि रामचंद्र रेड्डी नावाच्या जमीनदारानं शंभर एकर देऊ केली. तिथून भूदान सुरू झालं आणि पुढे तेरा वर्षं ते चालत राहिले. मिळालेली पुष्कळ जमीन नापीक निघाली, पुष्कळ वाटलीच गेली नाही, हेही खरं. पण पोचमपल्लीपर्यंत विनोबा किती मैल चालले होते, हे त्या चाळीस घरांपैकी कुणाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. त्यांच्या उपयोगी पडला तो विनोबांचा मुक्काम.

हे शहाणपण मला घरी बसून सुचलेलं नाही. कान्होलीबारा मागे टाकलं तेव्हा दहा वाजून गेले होते. पहाटेचा गारठा जाऊन ऊन पाठीवर चढू लागलं होतं. पांदणीत काळ्या मातीवर बैलगाडीच्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या झालेल्या, पाऊल तिरपं पडलं की घोटा मुरगळलाच समजा. एका बाजूला तूर, दुसऱ्या बाजूला कापसाची शेवटची वेचणी. कंबरेची ओटी कापसानं फुगलेली एक म्हातारी धुऱ्यावर येऊन उभी राहिली.

“मांगं कोनी लागलं का रे बाबू?”

“नाही मावशी, असाच पळतोय.”

“असाच?”

तिनं त्या शब्दाचं जे केलं, त्यावर मला थांबावंच लागलं. सिकलसेलच्या पोरांसाठी, म्हटलं. ती ओटी सावरत दोन पावलं पुढे आली.

“सिकल? माया भावाच्या पोरीले हाये थे.” आणि मग हळूच, “नातीचं लगन जमवून राह्यलो आमी. तिचं रगत कुठी तपासतेत? पैसे लागतेत का?”

मी धुऱ्यावर बसलो. बोटातून थेंबभर रक्त घेऊन पहिली तपासणी होते, प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा, पैसे लागत नाहीत, असं सांगितलं. नुसता एएस पॅटर्न निघाला तर घाबरायचं नाही, त्याला वाहक म्हणतात. पण मुलाचंही रक्त तपासून घ्या. दोघंही एएस निघाले, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता की मूल आजारी निपजेल. तिनं मला ते दोनदा म्हणायला लावलं, मग स्वतः म्हणून दाखवलं. पोरीचंच नाही, पोराचंबी. उठताना माझ्या मांड्या लाकडासारख्या ताठल्या होत्या. तिनं तांब्यातलं पाणी पुढे केलं. मला तहान नव्हती, तरी प्यालो.

पवनारला पोचेपर्यंत दिवस मावळला. धाम नदीत पाय सोडून बसलो, तेव्हा बुटाच्या आतला मोजा रक्तानं चिकटलेला होता. कुणाला फोटो पाठवावा असं काही वाटलं नाही.

मंगळवारी तो मुलगा आईबरोबर आला. माझ्या फोनवर त्यानं धावेचा आलेख उघडला आणि वर-खाली जाणाऱ्या रेघेवरून बोट फिरवत एका सपाट तुकड्यावर थांबला.

“काका, इथं बावीस मिनिटं काहीच नाही. पाणी संपलं होतं?”

“नाही. तिथं एका आजीला पत्ता हवा होता.”

“कशाचा?”

मी सांगितलं. त्यानं मान डोलावली, फोन परत दिला आणि आपल्या बाटलीचं झाकण उघडलं.