ओंजळींतले शब्द

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील मलकापूर येथें १८७२ सालीं कवि नारायण मुरलीधर गुप्ते ह्यांचा जन्म झाला. ‘बी’ ह्या टोपणनांवानें ते कविता लिहीत. त्यांचा ‘फुलांची ओंजळ’ हा संग्रह १९३४ सालीं प्रसिद्ध झाला.

शाळेंत असतां आम्हीं एका निबंधांत ‘ओंजळ’ हा शब्द खोडून तेथें ‘अंजलि’ असें लिहिलें होतें. आमची आजी ओंजळीनें जोंधळे सुपांत घेई. तिच्या तोंडचा शब्द वहींत शोभणार नाहीं, असें आम्हांस वाटलें. पुढें तोच शब्द कवीच्या संग्रहाच्या नांवांत पाहून आम्ही वरमलों.

कोश उघडला, तों ‘ओंजळ’ ही ‘अंजलि’चीच लेक निघाली! ‘फूल’ हें ‘फुल्ल’ म्हणजे उमललेलें, ह्यापासून आलें. कवीच्या प्रसिद्ध गीतांतला ‘चाफा’ मूळचा ‘चंपक’. त्यांच्याच ‘पिकलें पान’ ह्या नांवांत ‘पक्व’ आणि ‘पर्ण’ हे दोन शब्द दडले आहेत. आणि ‘बी’? इंग्रजींत ती मधमाशी; मराठींत ‘बीज’ ह्या शब्दाचें लेकरूं. फुलावर बसणारी व फुलास जन्म देणारें, दोन्ही एका अक्षरांत नांदतात.

हें आजीस सांगावयाचें राहून गेलें. आतां ती नाहीं. बालमित्रांनो, घरच्या वडील माणसांचा शब्द खोडण्यापूर्वीं एकदां त्याचें कुळ विचारा. तें फार जुनें निघेल. आणि तें ऐकावयास तीं माणसें अजून तुमच्याजवळ आहेत.