कणकुंबीचे पाणी

बेळगावहून जांबोटीमार्गे चोर्ला घाटाकडे निघाले की कणकुंबी लागते. गोव्याला जाणाऱ्या गाड्या इथे सहसा थांबत नाहीत. मलप्रभेचा उगम या गावचा. गेल्या डिसेंबरात आम्ही दोघे तिथे उतरलो, माउलीची ओटी भरली आणि पितळी तांब्यात पाणी भरून घेतले. ते कूडलसंगमापर्यंत न्यायचे होते. निवृत्त झालो तेव्हाच मी हे ठरवले होते आणि त्याला अकरा वर्षे होऊन गेली होती. माणूस उपकार फेडायला फार सवड काढतो.

माझा जन्म खानापूर तालुक्यातला. नदी पुढे कुठे जाते याची चौकशी लहानपणी कधी केली नाही. १९७८ साली बँकेत चिकटलो आणि पहिली नेमणूक रामदुर्गला झाली. भाव्यांचे जुने संस्थान, तेव्हा मराठीवर भागेल, असा आईचा हिशेब. प्रत्यक्षात गल्लीत मागांचा खटखटाट आणि बोलणे सगळे कन्नड! माझे कन्नड बाजारापुरते. एका विणकराच्या घरी खोली मिळाली. घरमालकीण गळ्यात इष्टलिंग बांधणारी. सगळे तिला अव्वा म्हणत, मीही म्हणू लागलो. पहिल्याच दिवशी पाण्याचा तांब्या पुढे करून ती म्हणाली, "इद निम्मूर नीर, तम्मा." हे तुझ्याच गावचे पाणी.

दोन महिन्यांत विषमज्वराने आडवा झालो. आई एस.टी. बदलत बदलत पाचव्या दिवशी पोचली, तोवर अव्वानेच केले. मग दोघी माझ्या अंथरुणाच्या दोन बाजूंना बसत. आई माउलीला हाक मारी; अव्वा कपाळाला विभूती लावून संगमनाथाचे नाव घेई. आईला कन्नड येईना, अव्वाला मराठी. अंबील आणि अंबली, एवढाच दोघींचा सामाईक शब्द. मी बरा झालो. आई म्हणाली माउलीने राखले, अव्वा म्हणाली संगमनाथाने. मी तरुण होतो, श्रेय सगळे डॉक्टरांच्या गोळ्यांना देऊन मोकळा झालो.

१९८० मध्ये बदली झाली. एक कार्ड टाकले, पुन्हा गेलो नाही. कारण विचाराल तर काहीच नाही.

या वेळी खानापूर, एम. के. हुबळी, मुनवळ्ळी असे नदीच्या कडेकडेने निघालो. नविलुतीर्थाच्या धरणावर हिने डबा उघडला. मी मात्र पुढच्या गावाच्या धास्तीने जेवलोच नाही.

रामदुर्गात घर सापडले, पण ओळखू येईना. ऑगस्ट २०१९ च्या पुरात मागची भिंत पडली होती, ती नव्याने बांधलेली. अव्वा १९९६ मध्येच गेली. तिच्या मुलाने, आता तोही आजोबा झाला आहे, मला नावानिशी ओळखले. माझे ते कार्ड अव्वाने बसवण्णांच्या तसबिरीमागे जपून ठेवले होते म्हणे. तसबीर राहिली, कार्ड पुरात गेले. मी काय बोलणार? सुनेने रोट्टी, एण्णेगाई वाढली. तांब्यातले थोडे पाणी तिने मागून घेतले आणि देवापुढच्या गिंडीत ओतले.

पट्टदकलची देवळे गाडीतूनच पाहिली. १९८७ पासून जागतिक वारसा असलेल्या ठिकाणी असे करू नये, पण मन थाऱ्यावर नव्हते. कूडलसंगमाला मलप्रभा कृष्णेला मिळते. बसवण्णांचा ऐक्यमंटप पाण्याने वेढलेला, भोवती विहिरीसारखी भिंत, आत पायऱ्या उतरून जायचे. गुडघे कुरकुरत होते, तरी उतरलो. कोणी राखले तेव्हा, हे मला आजही सांगता येणार नाही. हात मात्र आपोआप जोडले गेले आणि तोंडून आधी माउलीचे नाव आले, मग संगमनाथाचे.

वर येऊन घाटावर तांब्या रिकामा केला. हिने तो विसळून पुन्हा भरला. म्हणाली, "परत जाताना रामदुर्गावरूनच जाऊ. त्यांनाही इथलं पाणी देऊ."