ओळखीचे अकरा

मुंबईतल्या माहुल, आंबापाडा, वाशी नाका या पट्ट्यातल्या मुलांना मी बरीच वर्षं फुटबॉल शिकवतो आहे. माझ्याकडे येणारे आईवडील बहुधा एकच गोष्ट विचारतात: आमचा मुलगा चांगला खेळतो का? मी उत्तर देतो, पण आता मला तो प्रश्नच अपुरा वाटतो. एकेका मुलाच्या पायात काय आहे याला महत्त्व आहेच. तरी लांबलचक लीगच्या शेवटी कोणता संघ वर राहतो, हे पाहत आल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. जे अकरा जण एकमेकांबरोबर पुरेसा काळ खेळलेले असतात, तेच वर राहतात. कोचला खेळाडू निवडता यावे लागतात, डावपेच कळावे लागतात. पण विजेता संघ बांधताना त्याचं सगळ्यात अवघड काम म्हणजे ही मैदानावरची ओळख जमू देणं आणि जमलेली मोडू न देणं.

ही ओळख दोस्तीहून वेगळी असते. उजव्या बॅकने चेंडू घेतला आणि विंगवरचा कुठे आहे हे त्याला मान वर करून शोधावं लागलं, तर तेवढ्यात समोरचा अंगावर येतो. विंगला रोजचाच जोडीदार असेल तर बॅक न बघता मोकळ्या जागेत चेंडू सोडतो, कारण तो पळणार कुठे हे त्याला ठाऊक असतं. ऑफसाइडचंही तसंच. चौघा बॅकनी एकाच क्षणी पुढे सरकायचं असतं, एक जण दोन पावलं मागे राहिला की सगळी रेषा फसते. गोलकीपर कोणत्या क्रॉसला बाहेर येणार आणि कोणता स्टॉपरवर सोडणार, हे फळ्यावर काढून दाखवता येतं. पण सामन्यात ते घडतं ते सरावात शेकडो वेळा चुकल्यानंतरच. म्हणून सरावातल्या छोट्या सामन्यांतही मी जोड्या फोडत नाही. दोन्ही सेंटर बॅक एकाच टीममध्ये, उजवा बॅक आणि उजवी विंग एकाच टीममध्ये. मुलांना हे आवडत नाही, त्यांना मनासारख्या टीम पाडून खेळायचं असतं. त्यांची नाराजी मला समजते, तरी मी बदलत नाही.

या मताला सगळ्यात जुना आधार मुंबईतच सापडतो, तो बाहेरून आलेल्या संघामुळे. हैदराबाद सिटी पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईत येऊन रोव्हर्स कप जिंकला. त्यांचे कोच सय्यद अब्दुल रहीम पेशाने शिक्षक होते. पुढे त्यांच्याच हाताखाली भारत १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि १९६२ साली जकार्त्याच्या एशियाडमध्ये सुवर्णपदक जिंकला. रहीमसाहेबांच्या बुद्धीबद्दल भरपूर लिहिलं गेलं आहे, आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्यांच्या यशातली साधी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. त्यांचे पोलिस संघातले खेळाडू एकाच खात्यात नोकरीला होते, एकाच शहरात राहत होते. हंगाम संपला म्हणून संघ विखुरत नव्हता. मुंबईतल्या मफतलाल, टाटा, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, रेल्वे या संघांनाही अशाच नोकरीने आकार दिला. नोकरी लागली की पोरगा त्याच संघात खेळत राहायचा. आज त्या पद्धतीला जुनाट म्हणतात. तिच्यात दोष होते, पण ओळख मुरायला लागणारा वेळ ती फुकट देत होती.

व्यावसायिक काळातही हे खरं ठरलं, ते गोव्यात. कोच आर्मांदो कुलासो यांच्या धेंपो क्लबने २००४-०५ पासून २०११-१२ पर्यंतच्या आठ हंगामांत पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. समीर नाईक, क्लिफर्ड मिरांडा, क्लायमॅक्स लॉरेन्स हे गोवेकर वर्षानुवर्षं तिथेच राहिले. पुढे रँटी मार्टिन्स आणि बेटो ही परदेशी जोडीही हंगामामागून हंगाम एकत्र खेळली. त्या पहिल्या हंगामात फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात, डिसेंबर २००४मध्ये, धेंपोचा क्रिस्तियानो ज्युनियर गोल केल्यावर गोलकीपरशी टक्कर होऊन मैदानावरच कोसळला आणि गेला. एवढ्या आघातानंतर त्याच संघाने त्याच हंगामात लीग जिंकली. डावपेचांनी असा संघ सावरत नाही, असं मला मनापासून वाटतं. मधल्या २००५-०६ या हंगामात विजेतेपद मुंबईला आलं, डेरिक परेरांच्या महिंद्रा युनायटेडकडे. ते मुंबईचं पहिलं राष्ट्रीय लीग विजेतेपद होतं. २०१० साली तो संघच बंद झाला. जमवायला इतकी वर्षं लागलेली गोष्ट एका निर्णयाने संपली, याचं दुःख मुंबईच्या फुटबॉलवाल्यांना अजून आहे.

यावर लोक मला कोच खालिद जमीलचं उदाहरण ऐकवतात, आणि ते बिनतोड वाटतं. आयझॉल एफसी २०१५-१६च्या आय-लीगमध्ये खाली घसरलेला संघ. गोव्याचे क्लब लीगमधून बाहेर पडले म्हणून त्याला पुन्हा जागा मिळाली. खालिद तिथे गेला आणि पहिल्याच हंगामात, २०१६-१७मध्ये, आयझॉल ३७ गुणांसह विजेता झाला. मोहन बागानचे गुण ३६. गोलांच्या हिशेबात बागान आणि ईस्ट बंगाल दोघेही आयझॉलच्या पुढे होते. एका हंगामात हे झालं, मग तुमच्या वर्षानुवर्षांच्या ओळखीचं काय? माझं उत्तर असं: तो संघ एका हंगामात जन्मलेला नव्हता. त्यातले मिझो खेळाडू मिझोरमच्या स्थानिक लीगमध्ये एकमेकांबरोबर आणि एकमेकांविरुद्ध वाढलेले होते, आणि २०१४ साली मिझोरमने संतोष ट्रॉफी जिंकली होती ती याच पिढीच्या जोरावर. खालिदने मुंबईहून नेलेले जयेश राणे आणि आशुतोष मेहता त्याच्याच हाताखाली मुंबई एफसीत खेळलेले होते. त्याने दोन जमलेल्या ओळखी एकत्र बांधल्या, आणि त्याची कोच म्हणून थोरवी मला त्यातच दिसते. विजयानंतर हे सगळं विखुरलं. राणे एटीकेकडे गेला, खालिद आणि सीरियाचा अल अमना ईस्ट बंगालकडे. पुढच्या हंगामात विजेतेपद ना आयझॉलला मिळालं, ना ईस्ट बंगालला.

खालिदच्याच कारकिर्दीतून दुसरा आक्षेप निघतो, आणि तो जास्त गंभीर आहे. मुंबई एफसीला २००९ ते २०१६ तो एकटाच कोच होता. एवढं सातत्य असूनही संघाला काही जिंकता आलं नाही. हे मला मान्यच करावं लागतं, आणि त्याने माझं म्हणणं नेमकं व्हायला मदत होते. कोच टिकणं पुरेसं नाही, त्याच्याभोवतीचे खेळाडूही टिकायला हवेत. तो क्लब बहुतेक हंगामांत घसरण टाळण्यासाठी झगडत होता, आणि २०१४ला इंडियन सुपर लीग (आयएसएल) सुरू झाल्यावर चांगला खेळाडू धरून ठेवणं त्याला आणखी कठीण झालं. खालिद गेला, आणि पुढच्याच हंगामात संघ तळाला गेला. तोच माणूस ऑगस्ट २०२५मध्ये भारतीय संघाचा मुख्य कोच झाला, ही गोष्ट सात वर्षांच्या त्या कामाकडे परत वळून पाहायला लावते.

तिसरा आक्षेप पैशाचा. २०१९मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटी एफसीत ६५ टक्के हिस्सा घेतला आणि २०२०-२१मध्ये क्लबने लीग शील्ड आणि चषक दोन्ही जिंकले. पैशाशिवाय हे झालं नसतं, यात शंका नाही. पण त्या पैशाने विकत काय घेतलं ते पाहा. कोच सर्जिओ लोबेरा एफसी गोव्याहून आले, आणि त्यांच्याबरोबर अहमद जाहू, ह्यूगो बूमूस, मुर्तादा फॉल आणि आपला मंदार राव देसाई. म्हणजे गोव्यात काही हंगाम घालवून जमलेला गाभा उचलून मुंबईच्या क्लबात आणला. लोबेरा गेल्यावर, क्लबकडे तोच पैसा असताना, मुंबई पहिल्या चारांतही नव्हती. नवे कोच डेस बकिंगहॅम यांना शील्ड मिळाली ती दुसऱ्या हंगामात.

माहुलमध्ये ओळख टिकवण्याचा प्रश्न वेगळ्या रूपात भेडसावतो. इथल्या ७२ इमारतींमध्ये शहरभरच्या प्रकल्पांसाठी उठवलेली आणि तानसा जलवाहिनीच्या कडेची कुटुंबं आणून ठेवली. रिफायनरीच्या शेजारची ही हवा आरोग्याला धोका आहे, हे हरित लवादाने २०१५मध्येच म्हटलं होतं. पुढे उच्च न्यायालयातही रहिवाशांची बाजू ऐकली गेली आणि कुटुंबं इथून हलू लागली. त्यांनी हलायलाच हवं, कोणत्याही संघापेक्षा मुलांची फुप्फुसं मोठी. पण कोच म्हणून मला दिसतं ते हे, की हंगामाच्या मध्यावर स्टॉपरचं घर मालाडला लागतं आणि त्याच्या जागी आलेला मुलगा कितीही चपळ असला तरी बॅकची रेषा पुढचे कित्येक सामने गळत राहते. स्थानिक कोळी-आगरी मुलं आणि इमारतींतली मुलं यांच्यात आधी एकमेकांना पास न देण्याची सवय असते. ती मोडायलाच बराच वेळ जातो, आणि ती मोडली की त्यांतला एक घर बदलतो.

काही सहकारी म्हणतात, तेच ते चेहरे ठेवले की मुलं सैलावतात, नव्यांना जागा मिळत नाही, कोचची मर्जी चालते. ही भीती खरी आहे. त्यावर मला एकच उपाय सापडला आहे: नव्याला आधी एका जोडीत घ्यायचं, संपूर्ण संघात नंतर. नवा विंगर एकाच बॅकबरोबर महिनोन्‌महिने सराव करतो, मग सामन्यात उतरतो. आणि जो मुलगा घर बदलून दूर गेला आहे, त्याचं नाव मी यादीतून काढत नाही. त्याला आठवड्यातून एकदा तरी सरावाला यायला सांगतो आणि त्याचं लोकल-बसचं भाडं संघाच्या पैशातून देतो. ते पैसे उरावेत म्हणून आम्ही प्रवेश फी जास्त असलेल्या स्पर्धा सोडतो. आईवडिलांना ते खटकतं, कारण जास्त स्पर्धा म्हणजे जास्त संधी असं त्यांना वाटतं. त्यांच्याशी या एका मुद्द्यावर मी दर हंगामात नव्याने बोलतो.