केगावच्या पुढे

पुतणी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, रसायनशास्त्र घेऊन. एमएस्सी कुठे करायची यावर रोज जेवणं झाली की बैठक बसते. दादाचं म्हणणं, केगाव. वहिनीचं, पुणे, तिथे मामा आहे. पोरगी गप्प. काल मला जिन्यात गाठून म्हणाली, "काका, हैदराबादचा फॉर्म भरू का? पप्पांना इतक्यात सांगू नका."

*

केगाव म्हणजे आमचं विद्यापीठ. आमच्या मोहोळहून निघालेली एसटी सोलापुरात शिरायच्या आधी त्याच्या दारावरून जाते. १ ऑगस्ट २००४ ला ते सुरू झालं, एकट्या सोलापूर जिल्ह्यासाठी. २०१९ पासून त्याला अहिल्यादेवींचं नाव आहे. त्याआधी आम्ही शिवाजी विद्यापीठाचे. माझ्या पदवीवर कोल्हापूर आहे, आणि कोल्हापूर मी पाहिलं ते लग्नानंतर, अंबाबाईला गेलो तेव्हा. १९६२ च्या आधी शिकलेले आमचे मास्तर पुणे विद्यापीठाचे. जिल्हा तोच, विद्यापीठं तीन झाली.

*

राज्याबाहेर म्हटलं की दादाच्या कपाळाला आठी पडते. मी त्याच्यापुढे नकाशा उघडला. सोलापूर ते पुणे अडीचशे किलोमीटर. सोलापूर ते कलबुर्गी त्याच्या निम्म्याहून कमी. कर्नाटकचं केंद्रीय विद्यापीठ २००९ चं, कडगंचीला, आळंद-कलबुर्गी रस्त्यावर. म्हणजे अक्कलकोटवरून गेलं तर कलबुर्गीच्याही अलीकडे. आणि आपल्या गावावरून जाणारा हा हमरस्ता एका टोकाला पुण्याला जातो, तसाच दुसऱ्या बाजूला हैदराबादला. दादा बराच वेळ बोट फिरवत राहिला.

*

अमेरिकेत सरकारी विद्यापीठात परराज्यातल्या मुलाला फी दुप्पट-तिप्पट पडते, असं भाचा सांगतो. आपल्याकडे केंद्रीय विद्यापीठात, म्हणजे हैदराबादला किंवा कडगंचीला, तसं नाही. मोहोळची मुलगी आणि हैदराबादची मुलगी एकच फी भरतात. आपल्याकडे राज्याची हद्द आडवी येते ती दाखल्यांत. शेजारचा धनगराचा मुलगा इथे भटक्या जमाती (क), साडेतीन टक्क्यांत. केंद्राच्या यादीत तोच ओबीसी, सत्तावीस टक्क्यांत. आणि दुसऱ्या राज्याच्या कोट्यात गेला तर खुला. पोरगा तोच, मार्क तेच. हे कुणीतरी बारावीलाच समजावून सांगायला हवं. फॉर्म भरताना कळलं की फार उशीर झालेला असतो.

*

राज्यातल्या राज्यातही हद्दी आहेत. इंजिनिअरिंगला सत्तर टक्के जागा त्या त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांना. आणि हद्द ठरते बारावी कुठून केली त्यावर. गल्लीतला एक जण अकरावीलाच लातूरला गेला. बारावी तिथून झाली म्हणून त्याचं विद्यापीठ नांदेडचं धरलं गेलं. आईबाप मोहोळात, सातबारा मोहोळचा, तरी सोलापूरच्या कॉलेजांसाठी पोरगा बाहेरचा. त्याची आई कागद हातात धरून मला विचारत होती, "आपलंच पोरगं बाहेरचं कसं हो झालं?" मला उत्तर माहीत होतं, पण देववलं नाही.

उलट सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांना महाराष्ट्र आपलं धरतो, त्यांच्यासाठी प्रवेशाची वेगळी वाट ठेवतो. ते फार बरं केलंय.

*

राज्यात राहण्याचे फायदे खरे आहेत, ते मी पोरीला लपवले नाहीत. महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती. शनिवारी घरी येता येणं. इंजिनिअरिंगसारख्या अभ्यासक्रमाला जाणारी मुलगी असती तर मी थांबच म्हटलं असतं: २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ठरावीक प्रवर्गांच्या मुलींची शिक्षण फी राज्य सरकार पूर्ण भरतं. ती सवलत सोडून कशाला जायचं?

पण हिला पुढे संशोधन करायचंय. हैदराबादचा रसायनशास्त्राचा विभाग देशात नावाजलेला. ज्या विभागात पीएचडीची मुलं रात्री प्रयोगशाळेत बसलेली असतात, तिथे दोन वर्षं काढली की माणूस वेगळं शिकतं. माझं मत हैदराबाद. दुसरं कडगंची. मग केगाव. पुणे फक्त मामासाठी नको.

*

तिला म्हटलं, फॉर्म भर, पण चोरून नाही. केंद्रीय विद्यापीठांची सीयूईटी ही प्रवेश परीक्षा २०२२ पासून आहे, त्या एका परीक्षेवर हैदराबादही येतं आणि कडगंचीही. बापाला दोन्ही एकदम सांग.

*

आज तिने सांगितलं. दादा काही बोलला नाही. उठला, कपाटावरची प्लास्टिकची फाईल काढली आणि सतरंजीवर एकेक कागद मांडला: दहावी, बारावी, अधिवास, आपला शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा, नॉन-क्रिमिलेयर. कडेला झेरॉक्सचे गठ्ठे. चष्मा पुसून त्याने जातीचा कागद दिव्याखाली धरला. "हा राज्याचा आहे," म्हणाला. "केंद्राचा नमुना वेगळा असतो ना?"

असतो.

"मग उद्या तहसीलला जाऊ. सेतू दहाला उघडतं."